लिंडाला बघायला सिडनीला

३० ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी मी भाचीला घेऊन नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये बसले होते. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपची फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. आपल्या मुली भुवनेश्वरला तिन्ही सामने हरून कधीच घरी गेल्या होत्या (अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५), त्यामुळे कुणाच्या बाजूने ओरडायचं हा प्रश्नच होता. भाचीने पहिल्या दहा मिनिटांत तो सोडवला. "मावशी, ती डावीकडची बघ. पिवळ्या जर्सीतली." ती लिंडा कायसेदो. ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्याच एका मुलीच्या पायाला लागून बॉल आत गेला आणि स्पेन १-० ने जिंकलं. नेरूळ स्टेशनपर्यंत चालत येताना भाची एकच वाक्य घोळवत होती: "ती पुढच्या वर्षी मोठ्यांचा वर्ल्डकप खेळणार."

भाचीही डाव्या विंगलाच खेळते. नववीत आहे. गेल्या वर्षी गुडघा दुखायला लागल्यापासून टर्फवर जायला टाळाटाळ करत होती. ताईचं म्हणणं, बरंच झालं, दहावी जवळ आली. मी लग्न केलेलं नाही आणि माझ्या एफडीला वारस नाही, असं घरात सगळे चेष्टेने म्हणतात. तर त्यातली एक मोडली आणि भाचीला घेऊन २०२३ च्या मोठ्यांच्या वर्ल्डकपला ऑस्ट्रेलियाला निघाले. सामन्यांची तिकिटं मोठ्यांना २० ऑस्ट्रेलियन डॉलरपासून आणि मुलांना १० डॉलरपासून होती, म्हणजे साधारण ११०० आणि ५५० रुपये. खर्च तिकिटांचा नव्हताच, विमानाचा होता.

सोमवार, २४ जुलै: बुटांची अंघोळ

मुंबईहून सिंगापूरमार्गे सिडनी. विमानात वाटतात त्या कार्डावर खाण्याच्या वस्तू, लाकूड, बिया, मातीचे बूट असलं सगळं विचारतात. मी भाजणी आणि चिवडा प्रामाणिकपणे लिहिला. बूट लिहिणार नव्हते, कारण भाचीने बॅगेच्या तळाशी स्टड्सचे बूट कोंबलेत हे मला माहीतच नव्हतं. तिनेच शेवटच्या क्षणी सांगितलं, "मावशी, कुठे खेळायला मिळालं तर म्हणून."

तपासणीच्या टेबलावर एका उंच बाईने ते बूट उलटे धरले. स्टड्सच्या मधे नेरूळच्या मैदानाची तांबडी माती पावसाळ्यात घट्ट बसलेली. बाईने भाजणी हुंगून परत दिली, चिवड्याचं पाकीट वाचलं आणि बूट घेऊन आत गेली. पंधरा मिनिटांनी आली तेव्हा बूट नवे कोरे दिसत होते. "कुठल्या पोझिशनला खेळतेस?" तिने भाचीला विचारलं. भाचीने सांगितलं. "मग लिंडा बघायला आलीस," ती म्हणाली. देशात शिरल्यावर आमच्याशी झालेलं हे पहिलं धड संभाषण.

(जाणाऱ्यांसाठी: लिहून दिलेल्या वस्तूसाठी फार तर ती वस्तू जाते. लपवलेल्या वस्तूसाठी जबर दंड आहे. मातीचे बूट, ट्रेकिंगच्या काठ्या वगैरे घरूनच घासून न्या.)

मुक्काम माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे, सिडनीच्या वेंटवर्थव्हिल उपनगरात. तिथे रस्त्यात इतकं मराठी, गुजराती, तमिळ कानावर पडतं की भाचीने विचारलं, आपण नक्की पोचलोय ना? हिवाळा होता. सव्वापाचला सूर्य गुल.

मंगळवार, २५ जुलै: कालीची पोरगी

सामना दुपारी बाराचा, कोलंबिया विरुद्ध दक्षिण कोरिया, मूर पार्कमधल्या सिडनी फुटबॉल स्टेडियममध्ये. सेंट्रल स्टेशनला उतरून लाइट रेल, म्हणजे ट्राम, पकडायची. वेगळं कार्ड काढायची गरज पडली नाही, आपलं बँकेचं टॅप करण्याचं कार्ड चालतं. प्रत्येकाचं कार्ड मात्र वेगळं हवं.

डब्यात शिरलो आणि पिवळा रंग सोडून काहीच दिसेना. सिडनीत कोलंबियाची तरुण मुलं-मुली पुष्कळ आहेत, बहुतेक स्टुडंट व्हिसावर आलेली. आमच्या शेजारी विशीतली एक मुलगी उभी होती, कुरळ्या केसांची, गालावर तीन रंग फासलेली. दिवसा इंग्रजीचा क्लास आणि पहाटे ऑफिसं साफ करण्याचं काम. त्या दिवशीही पहाटे चारला कामावर जाऊन आली होती. गाव कुठलं विचारलं, तर म्हणाली, काली. आपल्याला ते नाव ऐकून वेगळंच काही आठवतं. भाचीला तर फारच आवडलं. लिंडाचं गाव व्हियागोरगोना कालीजवळच. "ती आमची पोरगी आहे," हे त्या मुलीने असं सांगितलं जसं कोल्हापूरचा माणूस आपल्या पैलवानाबद्दल सांगेल.

पुढची कथा तिनेच ट्राममध्ये लटकत, हातवारे करत सांगितली. त्यातलं बरंचसं भाचीला पाठ होतं, पण गावच्या माणसाकडून ऐकण्यात फरक पडतो. २०१९ मध्ये, चौदाव्या वर्षी, लिंडा अमेरिका दे काली या क्लबकडून व्यावसायिक लीगमध्ये उतरली आणि त्याच वर्षी क्लबने विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी देशाच्या मोठ्या संघातही आली. पंधराव्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया, केमो. २०२१ मध्ये परत मैदानात आणि पुन्हा विजेतेपद, या वेळी शहरातल्याच दुसऱ्या क्लबकडून, देपोर्तिवो कालीकडून. "ते मात्र आम्ही माफ केलं नाही," असं म्हणून ती खदाखदा हसली. ती अमेरिका दे कालीवाली होती.

मग ती स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबमध्ये २०२३ मध्येच का गेली? कारण अठरा पूर्ण होईपर्यंत, मोजके अपवाद सोडले तर, खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबने घ्यायला फिफाची बंदी आहे. लिंडाचा अठरावा वाढदिवस २२ फेब्रुवारी २०२३ चा. माद्रिदने त्याच आठवड्यात तिला घेतल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे त्या वयाच्या मुलींची बारावीची परीक्षा चाललेली असते.

गेटपाशी माझी फजिती. दोघींची तिकिटं माझ्या फोनवर, ॲपमध्ये, आणि ट्राममधल्या फोटोंच्या नादात बॅटरी चार टक्क्यांवर. स्क्रीनशॉट चालत नाही. हात थरथरत कोड उघडला, दोनदा दिवा हिरवा झाला आणि तिसऱ्या मिनिटाला फोन मेला. पॉवरबँक न्या, एवढंच सांगते. मोठी बॅग नेऊ नका. आणि ऊन दिसलं तरी जॅकेट न्या, कारण सावलीतल्या खुर्चीत दुपारी दीडला आम्ही कुडकुडत होतो.

सामना. अर्ध्या तासाला कोलंबियाच्या कातालिना उस्मेने पेनल्टीवर पहिला गोल केला. आणि ३९व्या मिनिटाला बॉल डावीकडे लिंडाकडे आला. ती धावत आत शिरली, कुणी पुढे येत नाही असं दिसल्यावर लांबूनच मारलं. शॉट खरं तर सरळ गोलकीपरच्या हातात होता. तिच्या हातांना लागून वर उडाला आणि मागे जाळीत पडला. सुंदर वगैरे गोल नव्हता. पण पिवळ्या बाजूचा आवाज असा उठला की माझ्या पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं आणि त्याच्या आईला ते कळलंच नाही. वर्षभराच्या आत तीन वर्ल्डकप, वीस वर्षांखालचा, सतरा वर्षांखालचा आणि हा, तिन्हींत गोल.

७८व्या मिनिटाला कोरियाने केसी फेअर नावाच्या मुलीला उतरवलं. वय १६ वर्षं २६ दिवस. मुलं काय, मुली काय, मोठ्यांच्या वर्ल्डकपमध्ये इतक्या लहान वयात आजवर कुणीच खेळलं नव्हतं. भाची एकदम गप्प झाली. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "मावशी, माझ्याहून दीडच वर्षाने मोठी."

२-० ने कोलंबिया जिंकलं. बाहेर अंजिराच्या कुळातल्या अवाढव्य झाडांखाली कालीच्या मुलीने डबा उघडला. अरेपा, म्हणजे मक्याच्या पिठाची बोटभर जाड भाकरी, आत चीज. गार झाली होती, तरी आम्ही दोन-दोन खाल्ल्या. मी चिवडा दिला. तिला तो तिखट लागला, पण पाकीट परत मिळालं नाही.

बुधवार, २६ जुलै: सामना नसलेला दिवस

सर्क्युलर की या धक्क्यावरून मॅनलीची फेरीबोट घेतली. अर्ध्या तासाचा प्रवास, ऑपेरा हाऊस फुकटात डावीकडून-उजवीकडून दिसतं आणि बंदराच्या तोंडाशी समुद्राच्या लाटा लागल्या की बोट चांगली हेलकावते. टूरच्या बोटीला चौपट पैसे द्यायची मला तरी गरज वाटली नाही. मॅनलीच्या वाळूवर भाचीने बॉल खाली न पाडता शंभर जगलिंग मोजले. गुडघ्याला पट्टा होता. दुखतंय का विचारलं, तर "नाही" इतक्या पटकन आलं की मी पुढे विचारलं नाही.

गुरुवार, २७ जुलै: तुंबालाँग पार्क

संध्याकाळी डार्लिंग हार्बरजवळच्या तुंबालाँग पार्कमध्ये, फॅन फेस्टिव्हलच्या मोठ्या पडद्यासमोर. प्रवेश फुकट. ऑस्ट्रेलिया विरुद्ध नायजेरिया. ऑस्ट्रेलियाची कर्णधार सॅम कर पोटरीच्या दुखापतीमुळे बाहेर आणि सगळी हिरवी-पिवळी गर्दी जमिनीवर चटया टाकून बसलेली. ऑस्ट्रेलिया २-३ ने हरलं. आपल्याकडे क्रिकेटमध्ये हरल्यावर जशी शिव्यांची बरसात होते तसं काही नाही. लोकांनी चटया झटकल्या, घड्या घातल्या, कचरा उचलला. एक आजोबा शेजारच्या नातीला समजावत होते की अजून एक सामना आहे.

तेवढ्यात कालीच्या मुलीचा मेसेज आला. सरावात लिंडा छातीवर हात धरून खाली बसली आणि मग मैदानावर आडवी झाली. सोबत व्हिडिओ होता. भाचीने तो एकदाच पाहिला आणि फोन माझ्याकडे दिला. थोड्या वेळाने संघाकडून कळलं की ती बरी आहे. ताण आणि थकवा, बाकी काही नाही.

ट्रेनमध्ये मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते. जुलै २०२२ मध्ये मोठ्यांची कोपा अमेरिका, स्वतःच्या देशात, स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू. ऑगस्टमध्ये कोस्टारिकाला वीस वर्षांखालचा वर्ल्डकप. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे सतरा वर्षांखालचा. फेब्रुवारीत माद्रिद, नवा देश, नवी लीग. जुलैमध्ये हा. चार स्पर्धा, चार टाइमझोन, आणि मधे केमो होऊन जेमतेम तीन वर्षं झालेलं शरीर. थकवा, बाकी काही नाही! नेरूळला आम्ही तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या तेव्हा ती त्या वर्षातली तिसरी मोठी स्पर्धा खेळत होती, हे मला तेव्हा ठाऊक असतं तरी मी टाळ्याच वाजवल्या असत्या. तीच तर अडचण आहे.

शुक्रवार, २८ जुलै: स्ट्रेचर

त्याच स्टेडियममध्ये इंग्लंड विरुद्ध डेन्मार्क, संध्याकाळी साडेसहाचा सामना. सहाव्याच मिनिटाला एकवीस वर्षांच्या लॉरेन जेम्सने बॉक्सच्या बाहेरून वळवून मारलेला गोल पाहिला आणि पैसे वसूल झाले. (दहा दिवसांनी हीच मुलगी नायजेरियाच्या खेळाडूच्या पाठीवर पाय देऊन रेड कार्ड घेणार होती. एकवीस वर्षांची माणसं एकवीस वर्षांसारखीच वागतात, टीव्हीवर असली तरी.)

पण त्या संध्याकाळचं लक्षात राहिलंय ते वेगळंच. पहिल्या हाफमध्ये इंग्लंडची कीरा वॉल्श बॉल अडवायला पाय लांबवून गेली आणि खाली पडली. कुणाचा धक्का नाही, काही नाही. बेंचकडे बघून तिने काहीतरी सांगितलं आणि चाळीस हजारांच्या स्टेडियममध्ये असा सन्नाटा पसरला की आमच्या मागच्या बाईने घेतलेला श्वास ऐकू आला. ती बाई हळूच म्हणाली, "एसीएल नको, एसीएल नको." एसीएल म्हणजे गुडघ्यातला तो लिगामेंट. तुटला की वर्षाची सुट्टी. इंग्लंडच्या लिया विल्यमसन आणि बेथ मीड याच दुखापतीमुळे स्पर्धेला आल्याच नव्हत्या, नेदरलँड्सची व्हिव्हियाने मीडेमाही. बायकांमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त होते. कारणं अनेक सांगतात: कमरेची ठेवण, हार्मोन्स, सामन्यांची गर्दी, आणि एक साधं कारण, की फुटबॉलचे बूट वर्षानुवर्षं पुरुषाच्या पावलाच्या साच्यावर बनत आलेत.

स्ट्रेचर आमच्या खालून गेलं. भाचीचा हात आपसूक स्वतःच्या गुडघ्यावर गेला होता. हाफटाइमला तिने मला सांगितलं की गेल्या वर्षी तिचा गुडघा सरावात दोनदा "सटकला" होता. घरी बोलली नाही, कारण आई खेळ बंद करेल. मी ओरडले नाही. ओरडायचं खूप मनात होतं. नेरूळला परतल्यावर स्पोर्ट्स फिजिओकडे जायचं, तो जे म्हणेल ते ऐकायचं आणि आईला मी सांगायचं, असं हाफटाइमच्या पंधरा मिनिटांत ठरलं. (वॉल्शचा एसीएल शाबूत निघाला. बाद फेरीत ती परत उतरली.)

शनिवार, २९ जुलै: संत्र्याच्या फोडी

ऑस्ट्रेलियात शनिवार सकाळ म्हणजे मुलांचे सामने. मैत्रिणीच्या घराजवळच्या पार्कमध्ये आठ-दहा छोटी मैदानं आखलेली, दवाने ओलं गवत, आणि प्रत्येक मैदानाच्या कडेला घोंगडी पांघरून कॉफी पिणारे आईबाप. एका कोपऱ्यात तव्यावर सॉसेज आणि कांदा परतत होते. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये गुंडाळून देतात. शाकाहारी असाल तर नुसता कांदा मागा, सॉस घालून. दिसायला काहीच नाही, पण थंडीत झकास लागतो.

चौदा वर्षांखालच्या मुलींचा सामना संपला तेव्हा त्यांच्या कोचबाईने भाचीच्या खांद्याला लटकलेले बूट पाहिले. नोंदणी नसल्याने सामन्यात घेता येत नाही, पण त्यानंतर गोलपोस्टमागे मुली तशाच खेळत होत्या, त्यात ये म्हणाली. भाचीने पट्टा घट्ट केला. वीस मिनिटं. पहिली पाच ती नुसती इकडून तिकडे धावली, कुणी पास देईना. मग एकदा बॉल डाव्या कडेला सुटा आला, तिने एकीला आत वळून चकवलं, दुसरीला आपटली आणि दोघी चिखलात लोळल्या. त्या दुसऱ्या मुलीने हात देऊन उठवलं आणि पुढचा पास तिलाच दिला. शेवटी डब्यातून संत्र्याच्या फोडी आल्या. ती सालीसकट दातांत धरून माझ्याकडे बघून हसली. तेवढा एक फोटो माझ्याकडे आहे आणि तो कुठेही टाकायचा नाही अशी मला ताकीद आहे.

कोचबाईने विचारलं, तुमच्याकडे मुलींची लीग आहे का? आहे, मी म्हटलं, २०१६-१७ पासून इंडियन विमेन्स लीग आहे. मनीषा कल्याण सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलीय, तिच्याआधी बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून तिथल्या लीगमध्ये. भाची तोंडात संत्रं घेऊन मान डोलवत होती. नेरूळपासून तिथपर्यंतचा रस्ता कुठून जातो, ते मात्र मला सांगता आलं नसतं.

रविवार, ३० जुलै: जर्मनी

शनिवार-रविवारी प्रवासभाड्याची रोजची मर्यादा (त्यापुढे कितीही फिरा, पैसे कापत नाहीत) निम्मी होती, म्हणून दिवसभर फिरून घेतलं आणि संध्याकाळी मूर पार्क. सामना साडेसातचा. जर्मनीने मोरोक्कोला आधी ६-० ने धुतलं होतं. लिंडा खेळणार की नाही, यावर ट्राममध्ये पैजा लागल्या होत्या. कालीची मुलगी रात्रीच्या शिफ्टची अदलाबदल करून आली होती.

ती खेळली. पहिला हाफ कोरडा. मग ५२वं मिनिट. कॉर्नरनंतर बॉल फिरत बॉक्समध्ये डावीकडे तिच्याकडे आला. समोर दोन जर्मन. तिने बॉल थांबवला, म्हणजे खरोखर थांबवला, गर्दीच्या रस्त्यावर एखादी बाई पदर सावरायला थांबते तसा. दोघींना वाटलं आता बाहेर जाणार. ती त्यांच्या मधून आत सरकली आणि उजव्या पायाने बॉल वळवून पलीकडच्या वरच्या कोपऱ्यात ठेवला. गोल झाला तेव्हा मी ओरडलेच नाही. मला कळायलाच वेळ लागला. भाची खुर्चीवर उभी होती आणि कालीची मुलगी तोंड झाकून रडत होती.

८९व्या मिनिटाला पॉपने पेनल्टीवर बरोबरी साधली. पिवळी बाजू खाली बसली. आणि ९७व्या मिनिटाला, कॉर्नरवर मानुएला वानेगासचं डोकं. २-१! १९९५ नंतर जर्मनी वर्ल्डकपच्या गटात पहिल्यांदाच हरली. (पुढे ती गटातच गारद झाली.) "सी से पुएदे, सी से पुएदे," म्हणजे होऊ शकतं, जमू शकतं, असं ओरडत चाळीस हजारांतले निम्मे लोक सेंट्रलपर्यंत चालतच निघाले. ट्रामच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा तेच बरं, अर्ध्या तासाची चाल आहे.

रस्त्यात कालीची मुलगी म्हणाली, फिफाने या वेळी प्रत्येक खेळाडूला किमान ३०,००० अमेरिकन डॉलर जाहीर केलेत. मी तेवढे कमवायला किती ऑफिसं पुसीन, हिशेब कर. मग स्वतःच म्हणाली, पण आमच्याकडची लीग वर्षातले काही महिनेच चालते, बाकीच्या मुली उरलेल्या वर्षात काय करत असतील? सेंट्रलला तिने गळ्यातला पिवळा मफलर भाचीला दिला आणि ट्रेन पकडायला धावली. पहाटे चारची शिफ्ट होती.

सोमवार, ३१ जुलै आणि पुढे

परतीचा प्रवास, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मुंबईला उतरल्यावर कुणीही बॅग उघडली नाही, बुटांबद्दल विचारलं नाही. १२ ऑगस्टला दुपारी चार वाजता आम्ही तिघी, या वेळी ताईसुद्धा, टीव्हीसमोर बसलो आणि कोलंबिया इंग्लंडकडून १-२ हरताना पाहिली. फिजिओने भाचीला सहा आठवडे मांडीचे आणि पोटरीचे व्यायाम दिलेत, बॉलला पाय लावायचा नाही. बूट गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवलेत. ताई दोनदा धुवायला घेऊन गेली आणि दोन्ही वेळा भाचीने ते हातातून काढून घेतले. स्टड्सच्या मधे वेंटवर्थव्हिलची माती आहे, वाळून करडी पडलेली, एक गवताची काडीसुद्धा.